सरोवरं, बेटं आणि आमचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी फोटो बघायला येणारी मंडळी, सोसायटीतले शेजारी, सहलीला निघालेले भाचे-पुतणे, सगळे तेच ते विचारतात. प्रत्येकाला फोनवर नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. वरच्या अंगाला लडाख, स्पिती आणि सिक्कीमची सरोवरं, खालच्या अंगाला अंदमान आणि लक्षद्वीप, आणि येऊन-जाऊन पुणं. क्रमाला अर्थ नाही, हवं तिथून वाचा.

लडाखच्या पँगाँग सरोवराचं पाणी खरंच एवढं निळं असतं, की तुम्ही मागाहून रंग भरता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर "आम्हाला नका सांगू" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पाणी खरंच निळं आहे. पाणी उजेडातला तांबडा भाग आधी गिळतं, निळा सगळ्यात शेवटी. पाणी खोल आणि नितळ असलं, त्यात गाळ आणि शेवाळ फारसं नसलं, की तो उरलेला निळा परत वर येतो. शिवाय पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर. तिथली हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे आकाशच आपल्यापेक्षा कितीतरी गडद, आणि ते पाण्यात उतरतं.

पण एकच निळा नाही. काठाला पोपटी, दहा-वीस पावलांवर मोरपंखी, पुढे गर्द निळा. ढग आला की सगळं करडं पडतं आणि दोन मिनिटांत पुन्हा पहिल्यासारखं. डोंगरावर भरदुपारी फोटो काढू नयेत म्हणतात ते डोंगरापुरतं बरोबर आहे, पण पाण्याचा रंग सूर्य वर असतानाच सगळ्यात खुलतो. सकाळी रंग फिका असतो, त्या बदल्यात वारा नसल्यामुळे प्रतिबिंब मिळतं. उन्हाने उतार तापले की वारा सुटतो आणि प्रतिबिंब संपलं. म्हणून मुक्काम हवा. "बसमधून उतरा, फोटो काढा, चहा घ्या, चला" या पद्धतीच्या सहलीत या दोन्हींतलं एकही धड मिळत नाही.

संगणकावर मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, जागेवर आणतो आणि कॉन्ट्रास्टला किंचित हात लावतो. सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढत नेली की तळं रंगपंचमीच्या पिंपासारखं दिसायला लागतं. आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टरही तिथे जपून वापरा. आकाश आधीच गडद असतं, फिल्टरने ते काळंच पडतं, आणि वाइड लेन्सवर तर अर्धं आकाश काळं, अर्धं निळं असा पट्टा उमटतो.

मग अंदमानचं पाणी हिरवट का? आणि आपल्या कोकणात तसं का दिसत नाही?

तळाशी पांढरी वाळू असते म्हणून. ती प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. उथळ पाण्यातून ऊन तळापर्यंत जातं आणि पांढऱ्यावरून परत फिरतं, म्हणून ती हिरवी-निळी झाक येते. खोली वाढली की तोच समुद्र गडद होतो. लक्षद्वीपला हे आणखी ठळक आहे. बेटाभोवती प्रवाळाची भिंत, लाटा तिच्यावर फुटतात आणि आतलं पाणी जवळजवळ हलतच नाही. अगत्तीला विमान उतरताना खिडकीजवळची जागा मिळाली तर भाग्य समजा. एकूण ३६ बेटं, वस्ती फक्त १० बेटांवर, आणि जायला परवाना लागतो, त्यामुळे ऐनवेळी ठरवून जायची ही जागा नव्हे.

कोकणात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या गाळ आणतात आणि लाटा तो ढवळत ठेवतात. तरी हिवाळ्यात तारकर्लीला जाऊन या, कोकणाला नावं ठेवणं थांबेल.

कॅमेरा कोणता घ्यावा?

आहे तो. नवीन घेणारच असाल तर निघायच्या महिनाभर आधी घ्या आणि तो घेऊन पर्वतीवर चार वेळा जा. विमानतळावर माहितीपुस्तिका वाचणारे लोक मी पाहिले आहेत.

आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो. लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी पँगाँगला गेलं तर चालेल ना?

चालणार नाही. पुणं ५६० मीटरवर, सिंहगडाचा माथा १,३०० मीटरच्या आसपास, लेह ३,५०० मीटर. पँगाँगच्या वाटेवरची चांग ला खिंड ५,३०० मीटरच्याही वर. सिंहगडामुळे पाय तयार होतात, पण विरळ हवेची सवय ही वेगळीच गोष्ट आहे, ती तिथे थांबूनच लागते. पँगाँगच्या काठावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. तब्येत ठणठणीत असलेला तरुणही तिथे आडवा होतो, कारण तो पहिल्याच दिवशी जिने पळत चढतो.

विमानाने गेलात तर लेहमध्ये निदान दोन दिवस काढा. पहिला दिवस अक्षरशः लोळून. पाणी पीत राहा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. ती असताना आणखी वर जायचं नाही, आणि वाढली तर खाली उतरायचं. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

आणि याचा फोटोशी थेट संबंध आहे. ठणकत्या डोक्याने माणूस फ्रेम बघत नाही, नुसतं बटण दाबतो.

शाळेच्या सुट्टीत कुठे जावं?

मे महिन्यात वर, दिवाळीत किंवा नाताळात खाली, असा ढोबळ हिशोब. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पेपरात "मान्सून अंदमानात दाखल" अशी बातमी येते. पुण्यात शिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या, दारात राहणारी माणसंही ती वाचतात आणि तरी मेअखेरीची अंदमानची तिकिटं काढतात. मे महिन्यात लडाखला जाता येतं, पण त्सो मोरीरीसारख्या वरच्या सरोवरांवर सुरुवातीला बर्फ शिल्लक असू शकतो. स्पितीच्या चंद्रतालचा रस्ता तर बहुधा जूनच्या मध्यानंतरच मोकळा होतो. तिथे काठावर तंबू ठोकू देत नाहीत, तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात, म्हणजे पहाटेच्या फोटोसाठी अंधारात चालायची तयारी हवी.

सिक्कीमचं गुरुडोंगमार ५,००० मीटरच्या वर आहे. लाचेनहून पहाटे निघतात आणि दुपारच्या आत परततात, कारण दुपारी वारा आणि हवामान दोन्ही बिघडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस्तेच्या पुरात उत्तर सिक्कीममधले रस्ते आणि पूल वाहून गेले होते. रस्ता चालू आहे ना, हे बुकिंगच्या आधी विचारा.

आम्ही अंदमानला साडेपाचला बीचवर पोचलो तर अंधार! सूर्यास्त हुकला कसा?

घड्याळ तेच, सूर्य वेगळा. पुणं सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर, श्री विजयपुरम (जुनं पोर्ट ब्लेअर) सुमारे ९३ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाचा फरक पडतो, आणि प्रमाणवेळ मात्र सगळ्या देशाला एकच. डिसेंबरात तिथे पाच वाजून गेले की सूर्य बुडालाच. दुपारची झोप काढून, चहा-पोहे करून, मग निवांत निघणाऱ्या मंडळींचं तिथे काही खरं नाही. उलट पहाटे चारला उठायची तयारी असेल तर उन्हाळ्यात पाचच्या आसपास सूर्योदय मिळतो.

कुठला किनारा कुठे बघतो हेही पाहून ठेवा. स्वराज द्वीपचा, म्हणजे हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेकडे आहे, तो सूर्यास्ताला. काला पत्थर पूर्वेकडे, तो सूर्योदयाला. उलट गेलात तर सूर्य तुमच्या पाठीमागे झाडीत.

भरती-ओहोटीचंही तसंच. शहीद द्वीपवरचा, म्हणजे नीलवरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपल्याकडचा हिशोब तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. हॉटेलात किंवा नावाड्याला विचारा, त्यांना पाठ असतं.

पँगाँगला सिनेमातल्यासारख्या स्कूटरवर बसून फोटो काढावा का?

काढा की. पैसे आधी विचारा.

एवढ्या सुंदर तळ्याच्या फोटोत तुमची आत्या कशाला?

हे फोटोवाले लोक विचारतात. घरचे लोक कधीच विचारत नाहीत.

एक कारण तांत्रिक आहे. या सरोवरांच्या फोटोत मोजमापाला काही नसतं. झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. पँगाँग सुमारे १३४ किलोमीटर लांब आहे, त्यातला एक तृतीयांशाच्या आसपास भाग आपल्याकडे. पण नुसता डोंगर आणि पाणी दाखवलं तर बघणाऱ्याला ते पानशेतएवढं वाटतं. कोपऱ्यात एक माणूस, एखादं याक, काठावरची एक पताका आली की डोळ्याला अंदाज येतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जुने अल्बम उघडून बघा. महाबळेश्वरच्या फोटोत दरीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. "ही कोण? मामी का? केवढे केस होते!" इथून सुरुवात होते. नुसत्या तळ्याचा फोटो तुमच्यापेक्षा चांगला काढणारा कुणीतरी असतोच, आणि तो कॅलेंडरवर छापलेलाही असतो. पाच स्वेटर, वर शाल, कानटोपीवर गॉगल, हातात थर्मासचं झाकण आणि पाठीमागे त्सो मोरीरी, हा फोटो मात्र जगात एकाच घरात मिळतो. म्हणून रिकामी फ्रेम काढा, पण तिच्या पाठोपाठ माणसं घालून तीच फ्रेम पुन्हा काढा. आणि त्यांना ओळीत उभं करू नका. चप्पल झटकताना, नकाशावरून वाद घालताना, चहा फुंकताना काढा.

जो काढतो तो कुठल्याच फोटोत नसतो, हे दुखणं घरोघरी आहे. कॅमेरा रोज तासभर दुसऱ्याच्या हातात द्या. वाकडे येतील, येऊ देत.

बर्फ आणि पांढरी वाळू फोटोत मळकट का येते?

कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून उजेड मोजतो. सगळं पांढरं असलं की तो उजेड कमी करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, अर्ध्या ते एक घराने (स्टॉपने) वाढवा. फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा.

थंडीत आणि दमट हवेत कॅमेरा कसा जपायचा?

थंडीत बॅटरी लवकर उतरते. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगालगत ठेवा, रात्री पांघरुणात घ्या. "संपली" म्हणणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा काही फोटो काढून देते.

लेन्सवर वाफ धरण्याचा त्रास दोन्हीकडे आहे, दिशा फक्त उलटी. लडाखला बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत आलं की वाफ धरते, अंदमानला एसीच्या खोलीतून बाहेर पडलं की. उपाय एकच: कॅमेरा बंद पिशवीत ठेवून जागा बदला आणि पिशवीतच त्याला हवेच्या तापमानाला येऊ द्या. अंदमानला सूर्योदयासाठी निघणार असाल तर कॅमेऱ्याची पिशवी रात्रीच एसीच्या खोलीबाहेर, बाल्कनीत किंवा न्हाणीघरात ठेवा. नाहीतर पहिली वीस मिनिटं लेन्स पुसण्यात जातात आणि नेमका तेवढाच सूर्योदय असतो.

खारं पाणी सगळ्यात वाईट. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. खोलीवर आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा बाहेरून पुसा.

खरा शत्रू मात्र पुण्यातच बसलेला असतो: जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात लेन्सला लागणारी बुरशी. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. तांदळात ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करा. तांदळाची पूड कॅमेऱ्याच्या फटीत जाते.

कुठे फोटो काढू नयेत?

विमानतळापासून सुरुवात करू. लोहगाव, लेह आणि श्री विजयपुरम, तिन्ही विमानतळ लष्कराशी जोडलेले. धावपट्टीचे आणि विमानांचे फोटो, व्हिडिओ नकोत. पँगाँग थेट सीमेवर आहे, त्यामुळे ड्रोन घरी ठेवा.

अंदमानला बारातांगकडे जाताना गाड्यांचा ताफा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्या लोकांचे फोटो काढणं, गाडी थांबवणं, खायला देणं, सगळं कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी करू नये. माणसं बघायला तिकीट काढून जाणं मला मुळातच पटत नाही.

लडाखी आजीबाईंचा फोटो हवा असेल तर आधी "जुले" म्हणा, बसा, चहा घ्या, विचारा. नाही म्हणाल्या तर नाही.

आणि शंख, प्रवाळाचे तुकडे "एकच तर आहे" म्हणत बॅगेत टाकू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, विमानतळावर तपासतात. त्याचा फोटो काढा, तोच आणा.

सेल्युलर जेलमध्ये काय काढावं?

मराठी मंडळी सावरकरांच्या कोठडीसमोर रांग लावून आत एकेक फोटो काढतात. सावरकर तिथे १९११ ते १९२१ होते. त्या कोठडीत सेल्फी काढू नये असं माझं मत. पटत नसेल तर सोडून द्या.

इमारत १९०६ मध्ये पूर्ण झाली. मधल्या मनोऱ्यातून सात बाजू निघत, आता तीन उभ्या आहेत. एका बाजूच्या कोठड्यांच्या समोर दुसऱ्या बाजूची पाठ येईल अशी रचना केली, म्हणजे कैद्यांना एकमेकांचं तोंड दिसू नये. व्हरांड्याच्या एका टोकाला उभं राहा आणि कमानींची ओळ सबंध घ्या. सकाळी त्यातून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडतात. मग कोठडीत आत जाऊन उंचावरच्या झरोक्याचा एक फोटो. त्या खोलीत काय होतं ते या दोन फोटोंत येतं.

जायच्या आधी पुण्याजवळ सराव कुठे करावा?

पाषाण तलाव किंवा खडकवासला, भल्या पहाटे, वारा सुटायच्या आत. प्रतिबिंब, क्षितिज सरळ ठेवणं आणि थंड बोटांनी बटणं शोधणं, तिन्ही गोष्टी होतात. जानेवारीत उजनी धरणाच्या काठी भिगवणला जा. तिथे पट्टकदंब दिसतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. याच जातीचे पक्षी उन्हाळ्यात त्सो मोरीरीला अंडी घालतात. उजनीच्या पाण्यात ओळख करून घेतली की वर गेल्यावर दुरूनही ओळखू येतात.

दोन हजार फोटो आणलेत. आता काय करू?

पहिल्या आठवड्यात काही खोडू नका, फक्त दोन ठिकाणी साठवा. एक प्रत घरात, दुसरी दुसऱ्या गावात, म्हणजे बहिणीकडे साताऱ्याला वगैरे. दोन्ही हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवणं म्हणजे एकच प्रत. फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग जागा. "नवीन फोल्डर (३)" मध्ये कुणाचं लग्न आहे आणि कुठलं चंद्रताल, हे पुढे देवालाही कळत नाही.

मग निवड. एका जागेचे पाच. पाचांत बसत नाहीत म्हणून जे बाहेर राहतात ते बाहेरच राहू देत. निवडलेले छापून घ्या, नेहमीच्या चार बाय सहाच्या आकारात. स्क्रीनवरचे फोटो लोक अंगठ्याने ढकलतात, हातात दिलेला फोटो पुढच्याकडे देईपर्यंत बघावाच लागतो.

आणि मागे लिहा. आमच्याकडे त्सो मोरीरीकाठच्या कोरझोक गावच्या एका फोटोमागे असं आहे: "सकाळी सहा. वारा अजिबात नाही. वहिनींना रात्रभर झोप नाही, तरी चहा त्यांनीच केला. साखर संपली होती. समोर पट्टकदंबाची पिल्लं, दादा मोजतोय." फोटोत फक्त धूसर पाणी आणि एक पाठमोरी शाल आहे. पण साखर संपली होती हे वाचलं की त्या तंबूतला रॉकेलचा वाससुद्धा येतो. हे लिहायला त्याच रात्रीची वही लागते. पुण्याला येऊन लिहू म्हणाल तर "खूप छान होतं" एवढंच उरतं.

बॉलपेनने लिहू नका. चकचकीत कागदाच्या पाठीवर ती शाई वाळत नाही आणि खालच्या फोटोच्या तोंडावर उमटते. मऊ पेन्सिल चालते, पाठ फारच गुळगुळीत असेल तर बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर, पूर्ण वाळू देऊन.

जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघत नाहीत. ओढू का?

ओढू नका, फाटतील. दात साफ करायचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवा. आधी कोपरा सुटतो. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा. ते गोंदवाले अल्बम पिवळे पडतात आणि फोटोलाही पिवळं करतात, त्यामुळे हे काम लांबवू नका.

भिंतीवर लावायचा तर?

पश्चिमेचं ऊन येणारी भिंत नको आणि पावसाळ्यात ओल येणारी नको. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मग उरते ती बहुधा जेवणाच्या टेबलामागची भिंत, तीच घ्या. फ्रेमवाल्याला काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, नाहीतर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो.

तुमच्याकडचे फोटो पाठवाल का?

पाठवतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते दाबून लहान होतात. खूप हवे असतील तर पेन ड्राइव्ह घेऊन घरी या. रिकामा आणा.